चौदा औटे एकोणपन्नास

पूर्णगडच्या वरच्या वाडीत काशीराम सुताराचं नाव निघालं की लोक दोन गोष्टी हटकून सांगत. एक म्हणजे त्याच्या हातचं दार आषाढातही फुगून अडत नाही. आणि दुसरी म्हणजे हा माणूस बसल्या जागी, हातात कागद नाही की पाटी नाही, घराची आय काढून देतो. पहिली गोष्ट सोळा आणे खरी होती. दुसरी सपशेल खोटी होती, आणि ती खोटी आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं: एक काशीराम, आणि दुसरी त्याची बायको सोनूबाई.

आता आय म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे नुसते बघत बसाल. त्या काळी आमच्याकडे घर बांधायचं तर माप घराच्या धन्याच्या हाताचं. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. सुतार यायचा, धन्याला हात लांब करायला सांगायचा, तेवढीच काठी कापायचा आणि त्या काठीनं माजघर मोजायचा. लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार करायचा, त्याला आठांनी भागायचं, आणि वरचं पाव-अर्धं सोडून बाकी उरेल ती घराची आय. बाकी एक उरली तर झेंडा, दोन तर धूर, तीन सिंह, चार कुत्रा, पाच बैल, सहा गाढव, सात हत्ती, आणि काहीच उरलं नाही तर कावळा. झेंडा, सिंह, बैल, हत्ती आले की घर नांदतं. पण गाढवाच्या घरात कोण राहील हो? आणि राहिलाच कुणी हट्टानं, तरी मुलगी बघायला आलेले पाहुणे चहा पिण्याआधी तेवढंच कुजबुजणार. म्हणून पाया घालायच्या दिवशी सगळी वाडी जमायची, सुतार सगळ्यांदेखत आय सांगायचा आणि मगच नारळ फुटायचा. आय वाईट आली तर कुठली भिंत किती बोटं आत घ्यायची, म्हणजे ती फिरेल, हेही सुतारानंच तिथल्या तिथे सांगायचं.

तिथल्या तिथे! आणि मापं काय सरळ येतात? कुणाचं माजघर सव्वाअकरा हात, कुणाचं पावणेनऊ. अशा वेळी भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळे. काशीराम मात्र शांतपणे मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "जरा पान खाऊ दे. पानाशिवाय आमचं डोकं चालत नाय." लोक हसायचे. सोनूबाई पदर सावरत पानाचं तबक घेऊन यायची, खाली मान घालून समोर ठेवायची आणि मागे सरायची. काशीराम पानाला चुना लावायचा, एक सुपारी उचलायचा, डोळे मिटायचा, आणि मग गर्जना करायचा, "सिंह!"

डोळे मिटण्याआधी त्यानं तबकातल्या सुपाऱ्या मोजलेल्या असायच्या. तीन.

सोनूबाई हे शिकली कुठे, तर करवतीवर. तिचा बाप पूर्णगडच्या बंदरात होड्यांचा सुतार. आई लवकर गेली, भाऊ नव्हता, आणि मोठी करवत ओढायला तर दोन माणसं लागतात. मग दुसऱ्या टोकाला सोनू. लाकडाचा ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवलेला, बाप वर उभा, ही परकर खोचून खाली, केसांत सगळा भुसा. दोघांचा ताल चुकला की पातं अडकतं. ताल राहावा म्हणून बाप पाढे म्हणायचा. साधे पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि सगळ्यांत शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन. "एक औट औट," बाप वर ओढायचा. "बे औटे सात," सोनू खाली ओढायची. "तीन औटे साडेदहा," पुन्हा बाप. फळी सुटेपर्यंत दोघं थांबायची नाहीत. बंदरावरचे खारवी खलाशी हसायचे, म्हणायचे, ह्या सुताराच्या होड्या लाकडाच्या नाहीत, पाढ्यांच्या आहेत.

गंमत अशी, की सोनूला लग्न होईपर्यंत हा हिशेब आहे हे ठाऊकच नव्हतं. तिच्या लेखी ते करवतीचं गाणं. ती ते झाडताना म्हणायची, पाणी भरताना म्हणायची, म्हशीला आंबोण घालताना म्हणायची.

एकोणीसशे वीस साली ती लग्न होऊन काशीरामच्या घरी आली. काशीराम दिसायला उंचापुरा, हसरा, जरा बढाईखोर, पण हात असे की रंधा मारला तर फळीत तोंड बघावं. आकडा समोर आला की मात्र गडी गारठायचा. पहिल्याच वर्षी एक गिऱ्हाईक ओटीवर येऊन बसलं. दाराच्या फळ्यांचं माप सांगितलं आणि लाकूड किती लागेल ते विचारलं. काशीराम कोळशानं जमिनीवर रेघा ओढतोय, पुसतोय, पुन्हा ओढतोय, कपाळाला घाम. आत सोनूबाई तांदूळ निवडत होती, तिला ती तगमग बघवेना. काशीराम पाणी प्यायच्या निमित्तानं आत आला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "साडेसव्वीस होतात."

"काय साडेसव्वीस?"

"तुम्ही बाहेर विचारताय ते."

काशीराम बाहेर गेला, छाती काढून म्हणाला, "साडेसव्वीस." गिऱ्हाइकानं घरी जाऊन कुणाकडून तरी पडताळून घेतलं, तर बरोबर. संध्याकाळी काशीरामनं बायकोला समोर बसवलं. "तुला कसं गो कळलं?"

"मला करवतीचं गाणं येतं," सोनूबाई म्हणाली.

तो आधी बघतच राहिला, मग इतका हसला की रंध्याच्या भुशात लोळला. सोनूबाईला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं रत्नागिरीहून तिला हिरव्या काकणांचा जोड आणला, आणि सुपाऱ्यांची युक्ती दोघांनी मिळून शोधली; आय फिरवायची असली तर शेजारी लवंगा, भिंत जितकी बोटं आत घ्यायची तितक्या. तिनं कधी त्यातलं अक्षर बाहेर काढलं नाही. नवऱ्याचं नाव होतंय, घर हसतंय, आणि रात्री जेवताना तो तिच्याकडे बघून डोळा मारतोय, आणखी काय पाहिजे? असं तीच म्हणायची, मी नाही.

आणि खरंच तिला एक मोठं सुख होतं, वाडीतल्या फार थोड्या बायकांना होतं ते. तिचा नवरा घरी होता. बाकी घराघरांतले पुरुष मुंबईला. गिरणीत, गोदीत, कुणाच्या तरी गाळ्यात दहाजणांत वळकटी टाकून. वर्षातून एकदा यायचे, पोरांना खाऊ वाटायचे, पोरं ओळखायला लागेपर्यंत परतीच्या आगबोटीची वेळ व्हायची. सोनूबाईचा काशीराम रोज दुपारी लाकूड तासायचा वाकस खांद्यावर टाकून यायचा आणि परड्यातूनच ओरडायचा, "भूक लागली गो!"

पण दिवस पालटत होते. तीस साल उलटलं आणि घरं बांधायची तऱ्हाच बदलली. मंगळुरी कौलं आली, लोखंडी बिजागऱ्या आल्या, तयार दारं रत्नागिरीहून गाडीवर चढून येऊ लागली. आय काढायला कुणी बोलवेना. काशीरामचा धाकटा भाऊ गंगाराम, हाही सुतारच, मुंबईला एका कारखान्यात लागला. सुट्टीत आला तेव्हा काशीरामनं विचारलं, "तिथं काय बनवतोस?"

"बनवत काय नाय, दादा. फळ्या यंत्रात सारतो. यंत्र कापतं."

"आणि तू?"

"मी पुढची फळी घेऊन उभा."

त्यानं भावासाठी पोलादी टेप आणला होता, डबीतून सुर्रकन बाहेर येणारा. काशीराम पोरासारखा त्याच्याशी खेळला. मग त्यानं विचारलं, "हा फूट कुणाचा रे?"

"कुणाचाच नाय. सरकारी असतो."

"मग सरकारनंच राहावं त्या घरात," काशीराम म्हणाला, आणि सगळे हसले. सोनूबाई हसली नाही. गंगारामनं दादासाठी आपल्याच कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता, आणि काशीरामनं त्याला नाही म्हटलं नव्हतं.

चौतीस सालच्या वैशाखात महिपत गावी आला. हा मुंबईच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवर ओरडणारा मुकादम, चार पैसे गाठीला बांधून असलेला माणूस. आजाच्या पडक्या घराच्या जोत्यावर त्याला नवं घर उठवायचं होतं. रत्नागिरीच्या एका कंत्राटदारानं निळ्या कागदावर नकाशा काढून दिला होता, फुटांत आणि इंचांत. पण त्याची बायको विमला अडून बसली. "घर तुमच्या हाताच्या मापानंच व्हायला पाहिजे आणि आय चारचौघांत निघाली पाहिजे. राहायचं मला हाय त्यात." विमला एरवी गरीब गाय, पण ह्या बाबतीत तिनं जेवण सोडलं. शेवटी महिपत म्हणाला, "बरं. काशीरामनं आय नीट जमवून दिली तर काम त्याचं. घोळ घातलान तर मी कंत्राटदाराला बोलवणार, आणि मग कुणी तोंड उघडायचं नाय."

काशीरामनं ते ऐकलं तशी घरी येऊन सांगितलं. आपल्या परड्यातला फणस त्यानं गेल्याच साली तोडून खांब तासून ठेवले होते, ते लागले तर ह्याच घराला लागणार. "हे काम मिळालं तर पुढची दोन वर्षं बघायला नको. नाय मिळालं, तर मृगाआधीची शेवटची आगबोट पकडतो. गंगाराम हायच तिकडं."

सोनूबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "यंत्रापुढे फळी घेऊन उभे राहाल?"

"मग काय करू, तू सांग."

ती पुन्हा भाकरी थापू लागली. पण मनात तिनं देवाला स्पष्ट बजावलं, की बाबा, बाकी काय घ्यायचं ते घे, हा माणूस मला घरात पाहिजे.

पायाभरणीच्या सकाळी महिपतच्या जोत्याभोवती सगळी वाडी लोटली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला आंब्याच्या सावलीत बायका. आत्माराम मास्तरही शाळेला सुट्टी देऊन आले होते. महिपतनं कोटाची बाही वर सारून हात लांब केला, काशीरामनं थाटात काठी लावली, खूण केली आणि सपकन कापली. सदू गवंडी ती काठी घेऊन जोत्यावर उतरला. मोजता मोजता तो मोठ्यानं म्हणत होता, आणि सगळी वाडी त्याच्याबरोबर मनात मोजत होती.

"लांबी चौदा हात!" सदू ओरडला. मग आडवा वळला. "रुंदी साडेनऊ!"

आंब्याखाली सोनूबाईचे ओठ हलले. साडेनवाचे तिनं दोन तुकडे केले, सहा आणि औट. चौदा सक चौऱ्याऐंशी. चौदा औटे एकोणपन्नास. दोन्ही मिळून तेहेतीसासे, म्हणजे एकशे तेहेतीस. सोळा आठे अठ्ठावीसासे वजा. उरले पाच. बैल! तिचा जीव असा काही भांड्यात पडला की शेजारच्या तुळसाबाईचा हात तिनं उगाचच दाबला.

"जरा पान खाऊ दे," तिकडून काशीरामचा आवाज आला. "पानाशिवाय आमचं डोकं चालत नाय." लोक नेहमीसारखे हसले.

सोनूबाईनं तबकात पाच सुपाऱ्या ठेवल्या, नीट ओळीनं, आणि निघाली. पण आज पुरुषांची गर्दी दाट. मधेच महिपतचे विठूमामा बसले होते, घरातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी हात पुढे केला, "आण बाय, मी देतो पुढं." आता वडील माणसाला नाही कसं म्हणायचं? तिनं तबक त्यांच्या हाती दिलं आणि मागे सरली.

विठूमामांच्या तोंडात दात म्हणाल तर औषधालाही नाही. म्हणून कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. पण सुपारी घरी नेऊन खलबत्त्यात कुटून खायची त्यांना भारी सवय, आणि फुकटची सुपारी दिसली की हात राहत नसे. तबक पुढे सरकवता सरकवता त्यांनी एक उचलली आणि कनवटीला लावली. इतक्या सफाईनं, की खुद्द काशीरामलाही दिसलं नाही.

काशीरामनं पानाला चुना लावला. सुपाऱ्या मोजल्या. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं पुन्हा मोजल्या. मग डोळे मिटले आणि पडक्या आवाजात म्हणाला, "कुत्रा."

जमावातून एकदम "आँ?" असा आवाज उठला. कुणीतरी मागून भुंकून दाखवलं, पोरंटोरं फिदीफिदी हसली. विमलानं तोंडाला पदर लावला. महिपतचा चेहरा लाल झाला. "ठीक हाय," तो म्हणाला, "आजाचं जोतं हाय, ते मी तोडणार नाय. तू भिंत किती बोटं आत घ्यायची ते सांग, फिरव आय. हितंच सांग, सगळ्यांसमोर."

काशीरामनं तबक पुन्हा न्याहाळलं, लवंग एकही नव्हती. किती बोटं? त्याच्या डोक्यात नुसता भुसा उडत होता. त्यानं मान वळवून आंब्याकडे पाहिलं.

आणि सोनूबाई? बैल असताना कुत्रा कसा झाला? हे चुकले कसे? ती खोकली. काकणं वाजवली. पुन्हा जोरात खोकली. तुळसाबाई म्हणाली, "पाणी देऊ काय गो?" काशीराम आपला टकामका बघतोय. खोकल्यानं काय सांगायचं आणि काकणांनी काय सांगायचं!

"सांगतोस ना?" महिपत म्हणाला. "का पाठवू माणूस रत्नागिरीला?"

माणूस रत्नागिरीला म्हणजे कंत्राटदार. कंत्राटदार म्हणजे आगबोट. सोनूबाईच्या डोळ्यांपुढे भरून निघालेली आगबोटच उभी राहिली, आणि कठड्याशी ट्रंक घेऊन उभा काशीराम. बोललं तर भरल्या वाडीत नवऱ्याची अब्रू जाते, गप्प राहिलं तर नवराच जातो. आयुष्यात एवढी चीड तिला कधी आली नव्हती. कुणावर ते तिलाही कळेना. ती उठली आणि बायकांमधून सरळ पुढे आली.

"कुत्रा नाय तो!" ती ओरडली. "बैल हाय, बैल!"

आंब्यावरचा कावळा तेवढा ओरडला.

काशीरामनं ताडकन तिच्याकडे बघितलं, आणि तो काय बोलून गेला ते त्याचं त्यालाही नंतर सांगता येईना. तो म्हणाला, "पण सुपाऱ्या चारच होत्या गो!"

"पाच ठेवलेल्या मी!"

"देवाशपथ चार!"

"अवो पाच!"

लोक ह्या टोकाकडून त्या टोकाकडे माना फिरवत होते. हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला. सदू गवंड्यानं हातातली काठी खाली ठेवली. आणि तेवढ्यात विठूमामा, बिचारे, मान खाली घालून कनवटीत चाचपायला लागले. त्यांनी पाचवी सुपारी बाहेर काढली, धोतराला पुसली आणि तबकात ठेवली. "मला काय माहीत, सुपारीत आय असते म्हणून," ते पुटपुटले.

मग जो हशा फुटला तो खाली पूर्णगडच्या बंदरापर्यंत ऐकू गेला असेल. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. सदूच्या डोळ्यांतून पाणी आलं. विमलासुद्धा हसली. हसले नाहीत ते तिघंच: महिपत, काशीराम आणि सोनूबाई.

आत्माराम मास्तरांनी काटकी घेऊन मातीत गुणाकार मांडला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "बाकी पाच. बैलच." मग त्यांनी सोनूबाईला विचारलं, "बाई, तुम्ही कसं केलंत?"

तिनं खाली मान घालून सांगितलं. चौदा सक चौऱ्याऐंशी, चौदा औटे एकोणपन्नास. मास्तरांचा चेहरा फुलला. "औटकी! अहो, चौदा औटे मी शेवटचं कधी ऐकलं आठवत नाही. पोरांना म्हणायला लावलं तर म्हणतात, मास्तर, गिरणीत औटकी कोण विचारतो?"

"ते राहू दे मास्तर," महिपत मधेच म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "काशीराम, म्हणजे इतकी वर्षं तू गावाला फसवलंस? आय तू काढत नव्हतासच?"

सोनूबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काशीराम मानी माणूस. आता हा काय बोलतो, कुणाला बोलतो, का उठून चालायलाच लागतो? त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा तिला धीर होईना.

काशीराम उठला. त्यानं धोतर झटकलं. "नाय काढत," तो म्हणाला. "मला दोन औटे पण कळत नाय, महिपतदादा. ह्या वाडीतली जेवढी घरं माझ्या नावावर आहेत ना, त्यांचं लाकूड माझं आणि हिशेब हिचा. आता मला सांगा, त्यांतलं एक तरी घर वाकडं उभं हाय? एकाच्या तरी दाराला हात लावून बघा. मग फसवलं ते कुणाला? मला लाज वाटायची, म्हणून बोललो नाय, एवढंच. बायको हुशार हाय म्हणायला पुरुषाच्या जातीची जीभ लवकर उचलत नाय. आज विठूमामांनी उचलायला लावली."

पुन्हा हशा झाला, पण आता वेगळा, मऊ. सोनूबाईनं मान वर केली आणि नवऱ्याकडे बघितलं. तिला भरून आलं. वीस सालापासून तिनं त्या माणसावर जीव लावला होता, पण त्या घडीला लावला तेवढा कधीच नाही.

महिपत कोटाची बटणं चाळवू लागला. जॉबरला न बोलता उभं राहायची सवय नसते. तेव्हा विमला पुढे आली. "तुम्ही आठ दिवसांनी जाल मुंबईला," ती त्याला म्हणाली, सगळ्यांदेखत. "मी राहणार ह्या घरात, वर्षभर. मला सोनूवैनीची आय पटली आणि काशीरामभावजींचं लाकूड पटलं. निळा कागद द्या चुलीला. फोडा नारळ."

"फोडा, फोडा!" बायकांमधून गलका झाला. पुरुषांमधूनही झाला. महिपतनं सभोवती पाहिलं, कोटाची बाही खाली केली, आणि त्यालाही हसू आलं. "बैल तर बैल," तो म्हणाला. "माझा हात हाय, बैलाचाच असणार!" आणि त्यानं नारळ जोत्याच्या कोपऱ्यावर असा आपटला की एका दणक्यात दोन भकलं झाली.

पाया घातला की धन्यानं सुताराच्या डोक्याला फेटा बांधायचा, ही आमच्याकडची रीत. महिपतनं गुलाबी फेटा मुंबईहूनच आणला होता, आधीच बांधून ठेवलेला, झिरमिळ्यांसकट. तो घेऊन तो काशीरामपुढे आला. काशीरामनं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मग तो वळला, तीन ढांगांत बायकोपुढे गेला, आणि तिच्या पदरावरून तो फेटा तिच्या डोक्यावर ठेवून मोकळा झाला.

"अवो, हे काय!" सोनूबाई किंचाळली. "लोक बघतायत!"

"बघू देत," काशीराम म्हणाला. "हिशेब ज्या डोक्यानं केला, फेटा त्या डोक्याला."

आता सांगा, ह्यावर वाडीनं काय करायचं? टाळ्या, शिट्ट्या, काही विचारू नका. तुळसाबाईनं हळदकुंकू लावून सोनूबाईच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सोनूबाईनं लाजून दोन्ही हात फेटा काढायला वर नेले. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि वर तो गुलाबी फेटा, एका कानावर कललेला. हात फेट्याला लागले, आणि तिथेच राहिले. तिनं तो काढला नाही, सरळ केला.

एवढ्यात जोत्यात उभा असलेला सदू गवंडी काठी उंचावून ओरडला. काशीरामकडे न बघता तिच्याकडे बघून.

"सोनूवैनी, माजघराचं झालं. आता पडवीचं कसं करू? सव्वापाच घेऊ का साडेपाच?"

सोनूबाईनं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं. काशीराम हाताची घडी घालून, हसत, दुसरीकडे बघत उभा होता. मग ती पदर खोचून जोत्याच्या कडेला गेली.

"थांब," ती मोठ्यानं म्हणाली, "लांबी किती ते सांग आधी."